खुणेचा रंग

एप्रिलचा दुसरा आठवडा. स्प्रूसच्या सावलीत
अजून बर्फाच्या चिंध्या पडलेल्या,
आणि माझ्या हातात नारिंगी रंगाचा डबा.
छातीइतक्या उंचीवर एक ठिपका फवारायचा:
हे जाणार.
यादीत एकेचाळीस बर्च.
जमीन पुन्हा गोठली की यंत्र येईल.
वीस वर्षं हेच करतो, हात चुकत नाही.

ओढ्याच्या वळणावर वेल्टा स्प्रोगे उभी होती.
वाल्मिएराच्या शाळेत तिने मला रसायनशास्त्र शिकवलं,
एकदा नापासही केलं.
आता पायात रबरी बूट, अंगात नवऱ्याचा जुना कोट,
तिपाईला दगड टांगलेला, वाऱ्याने कॅनव्हास उडू नये म्हणून.
जवसाच्या तेलाचा वास, त्यावर टर्पेंटाइनचा.
ते पाइनच्या चिकापासून निघतं,
हेही तिनेच शिकवलेलं.

"उजेडातून बाजूला हो, आइगार्स."
वळूनही न बघता.
झालो.

वसंत म्हणजे हिरवा, असं मी धरून चाललो होतो.
तिच्या पॅलेटवर हिरव्याची नळीच नव्हती.
शेंडे तिने जांभळट केले होते,
बीट उकडलेल्या पाण्यासारखे.
मी मान वर केली.
होते की जांभळट!
याच झाडांखाली डबा खातो मी रोज.

आणि पांढरं खोड कुठेच पांढरं नव्हतं.
एका अंगाला ओली राख, दुसऱ्या अंगाला साय,
आणि बुंध्याशी, जिथे रानफुलं दाटली होती,
तिथे त्यांचा निळा सालीवर चढलेला.
एक चिलट आकाशात रुतलं.
तिने सुरीच्या टोकाने उचललं, पाय तेवढा मागे राहिला.
"राहू दे," म्हणाली, "तो इथलाच आहे."

सवयीने मी मोजायला लागलो.
ओढ्यापासून बांधापर्यंत, डावीकडून उजवीकडे.
पुन्हा मोजलं.
"बाई, नऊ झाडं कमी आहेत."
"काढली."
"का?"
"उजेडाला वाट हवी होती."

दरवर्षी फॉर्मवर, 'विरळणीचं कारण' या रकान्यात,
मी हेच लिहितो. अगदी हेच शब्द.

पण तिची नऊ वेगळी.
त्यांतली सात तर माझ्या यादीतच नव्हती:
सरळसोट, निरोगी, पन्नाशीतली.
आणि ते वाकडं, दुबेळकं, बुरशीने कान फुटलेलं,
माझ्या कागदावर सतरा नंबर,
ते तिने ऐन मध्यावर घेतलं होतं,
सगळा दुपारचा उजेड त्याच्या पाठीवर ओतून.

"तुझ्या डब्यातला थोडा दे."
मी झाकणावर फवारा मारला.
सुरीच्या टोकावर मोहरीएवढा घेऊन
तिने गेल्या वर्षीच्या पानांत एकच टेकवला,
आणि सगळं करडं रान
झोपेतून कुणी हाक मारावी तसं हललं.
"तेलावर हा टिकायचा नाही," ती म्हणाली,
"तीस वर्षांत तडकेल."
तिचं वय मला माहीत होतं. मी काही बोललो नाही.
"तीस पुष्कळ झाली," तीच म्हणाली.

मग मी कामाला लागलो. चौदा. पंधरा. सोळा.
दूर दलदलीत क्रौंच ओरडत होते,
कुणाच्या तरी बादलीत बर्चचा रस ठिबकत होता.
सतरापाशी आलो. डबा हलवला,
आतली गोळी खडखडली.

मागून आवाज आला:
"तिथेच थांब. हलू नकोस.
तुझ्या जॅकेटचा निळा बरा आहे."

थांबलो.
बोट दट्ट्यावर, हात अर्धा वर,
पाठीला सतरा नंबरच्या सालीचा खरखरीतपणा.
ऊन कोटाच्या बाहीवरून सरकत
कोपरापर्यंत आलं, मग मनगटापर्यंत.
खाजही सुटली होती नाकाला.
तिने अजून "झालं" म्हटलं नव्हतं.